वृद्ध मांजराच्या घरातील लाकडी भासाची फरशी

जुन्या नाशकातील वाड्यांच्या सारवलेल्या जमिनीत मांजराचे नख सहज रुते. द्वारका परिसरातील सदनिकेत लाकडाचा भास देणारी फरशी बसविताना मात्र म्हाताऱ्या मांजराचा विचार आधी करावा. लॅमिनेटचा गाभा दाबलेल्या लाकूडतंतूंचा असतो. मूत्रपिंडे थकलेल्या मांजराचे मूत्र सांध्यांत झिरपले, की तो फुगतो आणि दर्प मुरतो. गुळगुळीत विट्रिफाइड टाइल टिकाऊ खरी. पण संधिवाताने आखडलेले पाय तिच्यावर घसरतात, शिवाय नाशिकच्या थंडीत ती गारठते. त्यापेक्षा चुनखडीच्या भुकटीचा गाभा असलेली, मॅट पृष्ठभागाची व्हायनिल फळी बरी. तिचा वरचा संरक्षक थर ०.५ मिलिमीटरचा असावा. पुसण्यासाठी फिनॉलयुक्त फिनेल कटाक्षाने टाळावे. मांजराच्या यकृताला त्याचा निचरा नीट करता येत नाही.