जुन्या लेन्सचे त्रिदोष

१. प्रश्नाची मांडणी

नागपूरच्या धंतोलीत दर दोन पाट्यांमागे एक पाटी डॉक्टरची. याच वस्तीतल्या जुन्या घरांच्या लोखंडी कपाटांत वडिलांच्या काळचा एखादा झेनिट, याशिका किंवा पेन्टॅक्स अजून सापडतो. बॉडी कधीच बंद पडलेली असते, लेन्स मात्र बहुधा शाबूत असते. अ‍ॅडॅप्टर लावला की ती आजच्या फुल फ्रेम मिररलेस कॅमेऱ्यावर बसते आणि चित्रही देते. खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. त्या चित्रात जे वेगळेपण दिसते ते लेन्सच्या रचनेतून आले, अ‍ॅडॅप्टरमुळे आले, की आत वाढलेल्या बुरशीमुळे? हौशी मंडळी हे सगळे एकाच शब्दात गुंडाळतात : ‘कॅरेक्टर’. त्या शब्दाची फोड करणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

प्रतिपादन थोडक्यात असे. जुन्या लेन्सचे दोष तीन जातींचे : जोडणीचे, जन्मजात आणि वयाचे. पहिले दुरुस्त करायचे, दुसरे वापरायचे, तिसरे रोखायचे. औषध एकाचे आणि रोग दुसराच, असे होऊ नये म्हणून निदान आधी हवे.

संज्ञाही ठरवून घेऊ. ‘लेन्स’ म्हणजे अख्खी नळी, ‘भिंग’ म्हणजे तिच्यातली एकेक काच. ‘जुनी लेन्स’ म्हणजे जिचा फोकस आणि अ‍ॅपर्चर दोन्ही हाताने रिंग फिरवून लावायचे ती. ‘फुल फ्रेम’ म्हणजे ३६ × २४ मिमीचा सेन्सर, अर्थात ३५ मिमी रोलवरच्या चौकटीएवढाच.

२. अंतराचा हिशेब

लेन्स जिथे टेकते त्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर प्रत्येक माउंटला ठरलेले असते. निकॉन एफला ते ४६.५ मिमी, एम ४२ या आट्यांच्या माउंटला ४५.४६, कॅनन एफडीला ४२. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा वर-खाली होतो, त्याला जागा लागते. लायका एममध्ये आरसा नाही, म्हणून तिथे २७.८ पुरतात. मिररलेसमध्ये तर अंतर आणखी कमी : सोनी ई १८, निकॉन झेड १६, कॅनन आरएफ २०.

अ‍ॅडॅप्टरची जाडी ही या दोन आकड्यांची वजाबाकी. निकॉन एफची लेन्स झेडवर लावायची तर ३०.५ मिमी, एम ४२ची सोनीवर लावायची तर २७.४६. आत काच नाही, फक्त पोकळ कडे. उलट कॅनन एफडीची लेन्स निकॉनच्या एसएलआरवर लावू गेल्यास उत्तर उणे ४.५ येते. उणे जाडीचे कडे कोणी घडवू शकत नाही. मग अ‍ॅडॅप्टरमध्ये जादा भिंग घालावे लागते, नाहीतर दूरचे दृश्य फोकसमध्ये येत नाही. आरसा गेला आणि ही अडचण संपली. सोनी ए७ २०१३ साली आला, २०१८ मध्ये निकॉन झेड आणि कॅनन आर आले, आणि जुन्या लेन्सना त्यांच्या मूळ मापाची चौकट परत मिळाली. हे महत्त्वाचे आहे, कारण या लेन्सचे बहुतेक गुणदोष चौकटीच्या कडेला राहतात. फुल फ्रेमपेक्षा लहान असलेला एपीएस-सी सेन्सर नेमकी तीच कड कापून टाकतो.

३. जोडणीचे दोष

वजाबाकी कागदावर सोपी असते, लेथवर तेवढी नाही. कडे ०.१ मिमीने जाड झाले तर काय होते? फोकस जाऊ शकणारे सर्वांत दूरचे अंतर म्हणजे फोकल लेन्थचा वर्ग भागिले ही चूक. ५० मिमी लेन्सला ते २५ मीटर येते, २८ मिमीला जेमतेम ७.८ मीटर. वाइड लेन्सने यशवंत स्टेडियमचा फोटो काढावा आणि फोकस फाटकाशीच थांबावा, अशी गत. म्हणून अ‍ॅडॅप्टर बनवणारे कडे मुद्दाम किंचित पातळ ठेवतात. दूरचा फोकस त्यामुळे मिळतो, पण रिंगेवर कोरलेले मीटरचे आकडे खोटे ठरतात. त्या आकड्यांवर विसंबू नये, स्क्रीनवर चित्र मोठे करून फोकस लावावा.

दुसरा जोडणीदोष सेन्सरसमोरच्या काचेचा. फिल्मसमोर काच नव्हती. सोनीच्या ए७ मालिकेत ती सुमारे २ मिमी जाडीची आहे. तिरपा किरण काचेतून जाताना सरळ किरणापेक्षा मागे एकवटतो : ३० अंशांच्या किरणासाठी ही तफावत किमान ०.१ मिमी भरते. एफ/२ला फोकसची सूट जेमतेम ०.०६ मिमी, एफ/८ला ०.२४. म्हणजे कोपरे एफ/२ला विरघळतील आणि एफ/८ला सावरतील. एसएलआरच्या लेन्सचे मागचे भिंग आरशामुळे दूर असते, किरण फारसे तिरपे येत नाहीत, म्हणून त्या सुखरूप सुटतात. फटका बसतो तो लायका एमसारख्या बिनआरशाच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या, सेन्सरला जवळजवळ चिकटणाऱ्या वाइड लेन्सना. लायका एमची महागडी वाइड लेन्स सोनीवर कोपऱ्यात हरते आणि एम ४२ची साधी लेन्स तिथे निभावते, याचे कारण हेच.

तिसरी गोष्ट किरकोळ, पण विसरली जाते. लेन्स आणि बॉडी एकमेकींशी बोलत नाहीत. सेन्सर हलवून थरथर रोखणाऱ्या बॉडीला फोकल लेन्थ हाताने सांगावी लागते. १३५ मिमी लेन्स लावून ५० सांगितले तर थरथर पुरती रोखली जात नाही.

४. जन्मजात दोष

उदाहरण हेलिओस ४४-२चे घेऊ : ५८ मिमी, एफ/२, झाइसच्या बायोटारवर बेतलेली सोव्हिएत लेन्स, झेनिटसोबत घरोघरी आलेली. तिच्यात चार गटांत सहा भिंगे, म्हणजे हवा आणि काच भेटतात असे आठ पृष्ठभाग. लेप नसलेला प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो. असे आठ पृष्ठभाग ओलांडून ७२ टक्केच आत पोचला असता. एकेरी लेपामुळे ही गळती पुष्कळ घटते, पण आजच्या बहुपदरी लेपाइतकी नाही. परतलेला प्रकाश आतल्या आत फिरून सावल्या उजळवतो. मे महिन्यातल्या वर्धा रोडवर सूर्यासमोर लेन्स धरली की काळा रंग राखाडी का होतो, त्याचे उत्तर इथे आहे. उपाय हूड, किंवा तळहाताची सावली.

प्रसिद्ध ‘गरगर’ही जन्मजातच. चौकटीच्या कडेला लेन्सची नळी प्रकाशाचा शंकू कापते, त्यामुळे फोकसबाहेरचे गोल ठिपके मांजरीच्या डोळ्यासारखे लांबट होतात. त्यात अ‍ॅस्टिग्मॅटिझमची भर पडते आणि ठिपके केंद्राभोवती फेर धरतात. माणूस दीड-दोन मीटरवर, मागे काही मीटरवर कडुनिंबाची उन्हाने चाळलेली पाने, अ‍ॅपर्चर एफ/२ : धंतोलीच्या कुठल्याही झाडाखाली हा प्रयोग होतो. वस्तूंच्या कडांवरची हलकी प्रभा मात्र गोलीय विपथनाची : भिंगाच्या काठाचे किरण आणि मधले किरण एका बिंदूत येत नाहीत.

५. वयाचे दोष

इथे नागपूरची हवा मध्ये येते. उन्हाळ्यात पारा ४५च्या वर जातो, जूनच्या मध्यापासून दमट. उन्हाळा कोरडा, म्हणून लेन्स तेव्हा तरी सुखरूप, असे वाटते. पण घरात कूलर चालू असतो. ओल्या ताट्यांमधून येणारी हवा खोली गार करते तशीच दमटही करते. कूलरसमोरच्या कपाटातल्या चामडी केसमध्ये बुरशीचा पावसाळा एप्रिलमध्येच सुरू होतो. बुरशी आधी लेपावर जाळे विणते, पुढे तिच्या आम्लाने काच कोरली जाते. धागे पुसता येतात, कोरलेले पुसता येत नाही.

उष्णतेचा दुसरा परिणाम ग्रीसवर. फोकसच्या आट्यांतले ग्रीस पातळ होऊन तेल अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर येते. एसएलआरवर अशी पाती फोटोच्या क्षणी अडकतात. अ‍ॅडॅप्टरवर ती आधीच मिटवून ठेवता येतात, म्हणून तेवढे अडत नाही. पण तेलाची वाफ भिंगांवर धुके धरते, ते अडते.

पिवळेपणा ही वेगळी व्याधी. सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४च्या सात भिंगांच्या आवृत्तीत थोरियमयुक्त काच आहे, ती वर्षांनुवर्षे पिवळत जाते. अतिनील प्रकाशात हा रंग उतरतो. मात्र त्यासाठी लेन्स मेच्या उन्हात ठेवणे म्हणजे ग्रीस वितळवणे आणि भिंगामुळे आग लागण्याचा धोका पत्करणे. अतिनील दिवा बरा.

रोखण्याचा उपाय स्वस्त आहे : चामडी केस टाकून द्यावी, रबरी कड असलेल्या हवाबंद डब्यात सिलिका जेल घालावे, दमटपणा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवावा.

६. निदान

तिन्ही जाती ओळखायला अ‍ॅपर्चरची रिंग आणि एक टॉर्च पुरतो. दूरच्या मेट्रोच्या खांबांवर फोकस जात नसेल, तर दोष जोडणीचा. दवाखान्याच्या उजळ पाटीचा फोटो एफ/२ला आणि मग एफ/५.६ला काढावा. अक्षरांभोवतीची प्रभा दुसऱ्या फोटोत गेली, तर ती जन्मजात. फिकटपणा हूड लावूनही दोन्हींत सारखाच राहिला, तर ते धुके. मग अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारावा, पुरावा समोर येतो. कोपऱ्यांतली विरघळ तेवढी फसवी : ती सेन्सरसमोरच्या काचेमुळे असली तरी रिंग मिटताच कमी होते. ती लेन्सची की सेन्सरसमोरच्या काचेची, हे दुसऱ्या बॉडीवरच कळते.

या कसोटीतून ‘कॅरेक्टर’ची व्याख्याही हाती लागते. रिंग फिरवून आणता येते आणि रिंग फिरवून घालवता येते, तेवढेच लेन्सचे वैशिष्ट्य. रिंगेला जे जुमानत नाही, त्याच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.