हुकूमनाम्यानंतरची दरखास्त

सोलापूरच्या दिवाणी न्यायालयात भाडेकऱ्याविरुद्ध दावा जिंकलेल्या घरमालकाला वकील सांगतो, ‘आता दरखास्त लावली पाहिजे.’ दरखास्त या फार्सी शब्दाचा मूळ अर्थ विनंती. मुंबई इलाख्याच्या न्यायव्यवहारात मात्र हुकूमनाम्याच्या बजावणीसाठी केलेला अर्ज असा विशेष अर्थ त्यास प्राप्त झाला. जिंकलेल्या पक्षासही पुनश्च अर्जदार व्हावे लागते, हे या शब्दात नकळत सांगितले गेले आहे. हुकूमनामा मिळाल्यावरच पक्षकाराच्या अडचणी सुरू होतात, अशा आशयाचे उद्गार प्रिव्ही कौन्सिलने 1872 मध्येच काढले होते.

पेशवाईत हे काम बव्हंशी धनकोच्याच हाती होते. एल्फिन्स्टनने 1819 च्या आपल्या अहवालात तगाद्याचे वर्णन केले आहे. ऋणकोच्या दारी पहारा बसविणे, धरणे धरणे, हे त्याचे प्रकार. आज तगादा म्हणजे केवळ तोंडी मागणी. त्या काळी ती एक प्रकारची बजावणीच होती. इंग्रजी अमलात तिचा अधिकार धनकोकडून न्यायालयाच्या बेलिफाकडे गेला. परंतु जप्ती आणि कैद ही साधने सावकाराच्या दिमतीस आली, तेव्हा 1875 चे दंगे उद्भवले. 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, अहमदनगर व सोलापूर या चार जिल्ह्यांत पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास अटक करणे बंद झाले.

गिरणगावातील भाडेकरू काही शेतकरी नव्हे. त्याला संरक्षण मिळाले ते 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 चे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचारामुळे स्त्रीला अंगावेगळे करता न येणारे दागिने, कारागिराची अवजारे आणि मजुराची मजुरी यांस जप्ती लागत नाही. कुशल कामगारही मजूरच होय, हे 1976 च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. हातमागावर स्वतः बसणाऱ्या विणकराचा माग अवजारांतच मोडावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कैदेची तरतूद आजही आहे. तथापि ऐपत असून अप्रामाणिकपणे पैसे न देणाऱ्यापुरतीच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये ठरविले.

निष्कासनाच्या हुकूमनाम्याची अंगे दोन: कब्जा व पैसा. कब्ज्याचे काम तुलनेने सुकर. प्रसंगी कुलूप तोडूनही बेलिफ तो देववितो. पैशात थकबाकी येते, आणि कब्जा मिळेपर्यंतच्या वहिवाटीची भरपाईही येते. या भरपाईस इंग्रजी आमदानीतील कायद्याच्या ग्रंथांत ‘वासिलात’ म्हणत, म्हणजे हाती आलेले उत्पन्न. मराठीत मात्र ‘वासलात लावणे’ याचा अर्थ एखादी गोष्ट संपवून टाकणे असा झाला आहे.

खरी मेख भाडे कायद्यातच आहे. 31 मार्च 2000 पासून अमलात असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार समन्स लागल्यापासून 90 दिवसांत थकबाकी सालीना 15 टक्के सरळ व्याजासह भरून पुढेही भाडे चालू ठेवणाऱ्यावर थकबाकीच्या कारणाने निष्कासनाचा हुकूमनामा होत नाही. ज्याच्यापाशी पैसे असतात तो अशा रीतीने बहुधा आधीच सुटतो. मागे उरतो तो कलम 60 च्या आडोशाला उभा असलेला. घरमालकही पुष्कळदा दोन खोल्यांच्या भाड्यावर जगणारा असतो, हे विसरता कामा नये. खोली त्याच्या ताब्यात येते, आणि पैशाची दरखास्त लावण्यास त्याला 12 वर्षांची मुदत असते.