उतारवयात दृष्टीला पालेभाजीचा आधार

डोळ्यांसाठी गाजर, हा समज घरोघरी रुजलेला आहे. गाजरातील बीटा कॅरोटिनपासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते आणि रातांधळेपणा टळतो, हे खरेच. उतारवयात मात्र दृष्टिपटलाच्या मध्यावरील पीतबिंदूची झीज होऊ लागते. अशा वेळी वाचणे, चेहरे ओळखणे अवघड होते. पीतबिंदूत ल्युटिन व झिॲक्सँथिन ही पिवळी रंगद्रव्ये असतात आणि ती केवळ आहारातूनच मिळतात.

वसई परिसरातील माणिकपूरसारख्या ठिकाणी नित्याच्या असणाऱ्या पालक, मेथी, माठ या पालेभाज्या त्यांचा उत्तम स्रोत होत. अंड्याचा बलक आणि मक्यातही ती असतात. ती स्निग्धांशात विरघळत असल्याने भाजीला तेलाची फोडणी उपयुक्त ठरते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या २००१ मधील अभ्यासात जीवनसत्त्वे व जस्ताच्या ठरावीक मात्रेमुळे मध्यम स्वरूपाची झीज बळावण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटला. २०१३ च्या अभ्यासानंतर या मिश्रणात बीटा कॅरोटिनऐवजी १० मिलिग्रॅम ल्युटिन व २ मिलिग्रॅम झिॲक्सँथिन सुचविण्यात आले. कारण धूम्रपान करणाऱ्यांत बीटा कॅरोटिनच्या गोळ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. निरोगी डोळ्यांत झीज सुरू होणे मात्र या गोळ्यांनी टळत नाही. त्यामुळे त्या नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी बदलू नये. आहाराने मोतीबिंदू विरघळत नाही; आणि सरळ रेषा वाकडी दिसू लागल्यास विनाविलंब तपासणी करून घ्यावी.