उजेडातील खरेदी

बाजारात रोख पैसे मोजून एखादी वस्तू घ्यावी, काही दिवस ती घरात नांदावी, आणि मग दाराशी एक अनोळखी गृहस्थ येऊन ‘ही वस्तू माझी, ती चोरीस गेली होती’ असे म्हणावे, हा प्रसंग मनुष्यजातीस नवा नाही. अशा वेळी चोर बहुधा पसार झालेला असतो. समोरासमोर उभी राहतात ती दोन निर्दोष माणसे. एकाची वस्तू गेलेली असते, तर दुसऱ्याचे पैसे. नुकसान कोणी सोसावे, हा प्रश्न न्यायाधीशांना जवळजवळ चार हजार वर्षे पडत आला आहे.

बाबिलोनचा राजा हम्मुराबी याचे कायदे ख्रिस्तपूर्व अठराव्या शतकातले. ते कोरलेला काळ्या दगडाचा स्तंभ १९०१-०२ साली इराणातील सुसा येथे सापडला व आज तो पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात आहे. हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती दिसली, तर काय करावे हे त्यात सविस्तर सांगितले आहे. खरेदीदाराने विकणारा माणूस आणि खरेदीचे साक्षीदार हजर करावेत. मालकाने वस्तू ओळखणारे साक्षीदार आणावेत. दोघांनी ते केले, तर विकणारा चोर ठरे. वस्तू मालकाकडे जाई आणि खरेदीदारास आपली चांदी चोराच्या मालमत्तेतून परत मिळे. परंतु मालकाचे साक्षीदार आले आणि खरेदीदारास ना विक्रेता दाखविता आला ना साक्षीदार, तर तोच चोर मानला जाई, आणि शिक्षा मृत्यूची होती. कोणाकडून घेतले आणि कोणासमक्ष घेतले, हे दोन प्रश्न तेव्हापासून खरेदीदाराच्या पाठीशी लागले आहेत.

आपल्याकडील धर्मशास्त्रकारांनी या विषयास ‘अस्वामिविक्रय’ असे नेमके नाव दिले. अस्वामिविक्रय म्हणजे जो मालक नाही त्याने केलेली विक्री. मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांत याचा क्रम तिसरा लागतो. वस्तू चारचौघांसमोर, उघडपणे घेतली असेल, पण विक्रेत्याचा शोध लागत नसेल, तर राजाने खरेदीदारास दंड करू नये. मात्र वस्तू मूळ मालकास द्यावी, असा मनूचा निवाडा आहे. उघड खरेदी माणसाची अब्रू वाचविते, पैसा वाचवीत नाही, असे त्याचे तात्पर्य होय.

याज्ञवल्क्याने संशयाच्या चार खुणा सांगितल्या आहेत. ती वस्तू जवळ असण्याचे साधन ज्याला नाही अशा माणसाकडून, एकांतात, फार कमी किमतीस आणि अवेळी जो खरेदी करतो, तो चोराच्याच पंक्तीस बसतो. बृहस्पतीची दृष्टी अधिक मृदू आहे. व्यापाऱ्यांच्या पेठेत, राजपुरुषांना माहीत असताना खरेदी झाली, पण विकणाऱ्याचा ठावठिकाणा लागत नाही किंवा तो मरण पावला आहे, अशा वेळी मालकाने निम्मी किंमत देऊन वस्तू परत घ्यावी, असे तो सांगतो. कारण चूक दोघांचीही आहे. एकाने अनोळख्याकडून माल घेतला आणि दुसऱ्याने आपला माल नीट सांभाळला नाही.

इंग्लंडने मात्र वेगळी वाट धरली. तेथे ‘मार्केट ओव्हर्ट’, म्हणजे उघडा बाजार, या नावाचा नियम शतकानुशतके चालत आला. उघड्या बाजारात, बाजाराच्या रीतीप्रमाणे, शुद्ध भावनेने घेतलेला माल चोरीचा निघाला तरी तो खरेदीदाराचाच होई. लंडन शहरात रविवार सोडून प्रत्येक दिवशी प्रत्येक दुकान असा बाजार मानले जाई. पण त्यालाही मर्यादा होत्या. १५९५ साली चोरीची चांदीची भांडी एका दस्तलेखकाच्या दुकानात विकली गेली होती. न्यायालयाने ठरविले की, हे दुकान चांदीच्या विक्रीचे नव्हे, म्हणून खरेदीदारास संरक्षण नाही. सोनाराच्या दुकानात विक्री झाली असती तर गोष्ट वेगळी. परंतु तेथेही ती पडद्याआड, वाटसरूंच्या दृष्टीआड झाली असती तर चालली नसती.

घोडा पळवून दूर नेणे सोपे असल्याने त्याच्यासाठी सोळाव्या शतकात खास कायदे झाले. घोड्याचा रंग, त्याच्या खुणा आणि विकणाऱ्याचे नाव बाजाराच्या वहीत नोंदविणे आवश्यक ठरले.

१९७३ साली या जुन्या नियमाची पुन्हा कसोटी लागली. १९६९ मध्ये चोरीस गेलेली दीपदानांची एक किमती जोडी लंडनच्या बर्मंडसी भागातील बाजारात विकली गेली होती. खरेदीदार प्रामाणिक होता, परंतु सौदा सूर्योदयापूर्वी झाला होता. उघडा बाजार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच, असे सांगून न्यायालयाने जोडी मूळ मालकास दिली. पुढे चोरांचीच सोय होते असे दिसल्यावर पार्लमेंटने १९९४ साली हा नियम रद्द केला, आणि जानेवारी १९९५ पासून तो इतिहासजमा झाला.

त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेत पिएर ओमिड्यार यांनी ‘ऑक्शनवेब’ नावाचा लिलाव संगणकजालावर उघडला. पुढे तो ‘ईबे’ या नावाने जगभर पोहोचला. या नव्या बाजारास सूर्यास्त नाही. वस्तू लाखो लोकांना दिसते, पण विकणारा पडद्याआड असतो. लंडनच्या न्यायाधीशांना दुकानातला जो पडदा खपत नव्हता, तो येथे बाजाराचाच भाग झाला आहे. याज्ञवल्क्याच्या चार खुणांपैकी माणूस, एकांत आणि वेळ यांची पारख येथे होत नाही. उरते ती एकटी किंमत. आणि नेमकी तीच ग्राहकास भुरळ घालते.

भारताने उघड्या बाजाराचा इंग्रजी नियम १९३० च्या मालविक्री कायद्यात घेतला नाही. विक्रेत्याचा जेवढा हक्क, सामान्यतः तेवढाच खरेदीदाराचा. वस्तू परत करावी लागली तर विक्रेत्याकडे पैसे मागता येतात. पण त्यासाठी विक्रेता सापडावा लागतो. चोरीचा माल अप्रामाणिकपणे घेणे हा १८६० च्या दंडसंहितेप्रमाणे गुन्हा होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. माल चोरीचा आहे हे ठाऊक असणे, किंवा तसे मानण्यास कारण असणे, येथे महत्त्वाचे ठरते. अवाजवी स्वस्ताई हे असे एक कारण होऊ शकते.

घोड्याच्या वहीचे मात्र पुनरागमन होत आहे. प्रत्येक मोबाइल फोनास पंधरा अंकी ओळख क्रमांक असतो. केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या सेवेवर मे २०२३ पासून तो क्रमांक देऊन फोन काळ्या यादीत आहे की नाही, हे विकत घेण्यापूर्वी पाहता येते. अमेरिकेतही जून २०२३ पासून, मोठ्या प्रमाणावर नवा माल विकणाऱ्यांची ओळख पडताळणे संगणकजालावरील बाजारांवर कायद्याने बंधनकारक झाले.

तरीही कोणतीही वही ग्राहकाचे काम पूर्णपणे करू शकत नाही. बाबिलोनच्या खरेदीदाराने साक्षीदार ठेवले. आजच्या खरेदीदाराने मूळ पावती मागावी, विकणाऱ्याचे नाव व पत्ता घ्यावा, पैसे बँकेमार्फत द्यावेत आणि झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावा. वस्तू गेली तरी अब्रू राहावी, एवढा आधार मनूने प्रामाणिक ग्राहकास दिला होता. तो आधार आजही उघडपणे घेतलेल्या मालालाच मिळतो, आणि बाजारात उजेड नसेल तेथे दिवा ग्राहकालाच न्यावा लागतो.