चाळवलेली झोप

घरात नवे मूल आले म्हणजे पहिल्या काही रात्री घरच्या सगळ्यांचेच कान पाळण्याकडे लागलेले असतात. मूल निजलेले असते, पण स्वस्थ नसते. ते दचकते, कण्हते, मुठी आवळते; क्षणात हसते, क्षणात रडवेले होते. अशा वेळी आजी म्हणते, 'सटवाई हसवते आहे, सटवाई रडवते आहे.' जन्मानंतर बाळाच्या कपाळी लेख लिहून जाणारी ही देवता त्याच्या झोपेतही त्याच्याशी खेळते, अशी ही समजूत. आज आम्ही तिच्याकडे उपहासाने नव्हे, तर इतिहासाचा एक पुरावा म्हणून पाहणार आहोत. कारण निजलेले मूल का चाळवते, ह्या प्रश्नाला माणसाने जी जी उत्तरे दिली, त्यांवर अनेक मुलांचे जगणे-मरणे अवलंबून राहिले आहे.

इंग्लंडातील थॉमस फेअर ह्या वैद्याने सोळाव्या शतकाच्या मध्यास बालरोगांवर एक पुस्तक लिहिले. इंग्रजी भाषेतील ह्या विषयाच्या अगदी आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. झोपेत घाबरून दचकणाऱ्या मुलांसाठी त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. पोटातील दूषित वाफा डोक्यात चढतात म्हणून मूल घाबरते, असे त्याचे निदान. दचकण्याची गणना अशी रोगांत झाली. आणि रोग म्हटला की औषध आलेच.

ते औषध पुढे बहुधा अफूचेच निघाले. इंग्लंडच्या गिरणगावांत अफू व काकवी घातलेले 'गॉडफ्रीज कॉर्डियल' मुलांना पाजले जाई. अमेरिकेत १८४९ पासून 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' विकले जाऊ लागले. त्यात मॉर्फिन होते. मूल शांत होई हे खरे, पण त्या शांततेची किंमत भयंकर होती. अफूने श्वास मंदावतो आणि भूकही मरते. काही मुले झोपेतच गेली, काही न रडता उपाशी राहून खंगली. १९११ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ह्या सिरपाची गणना 'बालघातकी' औषधांत केली.

आमच्या मुंबईची कथा ह्याहून निराळी नाही. १९२२ साली गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाविषयी डॉ. बार्न्स ह्या स्त्री-डॉक्टरांचा अहवाल प्रसिद्ध झाला. ह्या स्त्रियांच्या शेकडा ९८ मुलांना अफू दिली जाते, असे त्यात नमूद होते. गोळीचे नाव मात्र मोठे लाडके होते: बाळगोळी! ह्याचा दोष आयांच्या अज्ञानावर टाकून मोकळे होणे सोपे आहे. पण भोंगा झाला की जिला जावेच लागे, तिच्या मागे चाळीतल्या खोलीत मुलाला कोणी थोपटावे? १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूतिभत्त्याचा कायदा झाला, तेव्हा निदान काही आठवडे तरी मुलाजवळ राहण्याचा आईचा हक्क कागदावर आला.

मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र १९५० नंतरच मिळू लागले. शिकागो विद्यापीठात यूजीन अॅसेरिन्स्की हा विद्यार्थी प्राध्यापक नॅथॅनियल क्लाइटमन ह्यांच्या सांगण्यावरून निजलेल्या बालकांच्या पापण्या तासन् तास न्याहाळीत बसे. डोळे काही काळ अगदी स्थिर राहतात आणि मग पुन्हा हालू लागतात, असे त्याला दिसले. त्यातूनच पुढे निघालेला, झोपेतील जलद नेत्रचलनाचा शोध दोघांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. नवजात मुलाची सुमारे निम्मी झोप अशी 'चळवळी' असते, हे त्यानंतर कळले. ह्या झोपेत हातपाय हलतात, श्वास कमीजास्त होतो, चेहरा हसतो-रडतो. हे दुखणे नव्हे. मूल त्या वेळी निजलेलेच असते. हात पसरून दचकणे हीसुद्धा ह्या वयातील स्वाभाविक प्रतिक्रियाच होय.

आता आजीकडे परत येऊ. सटवाई हसवते-रडवते म्हटल्यावर कोणी मुलाला उठवीत नाही, त्याच्या तोंडात गोळीही घालीत नाही. कारण चुकले, पण वागणे बरोबर ठरले. विद्वान वैद्याच्या वाफांपेक्षा ही समजूत निरुपद्रवी निघाली.

मग करावे काय? मूल चाळवले की लगेच उचलू नये, क्षणभर पाहावे. पुष्कळदा ते आपणच स्वस्थ होते. न झाल्यास छातीवर हलका हात ठेवावा, हळू गुणगुणावे. खरोखर जागे होऊन रडू लागले, तर घेऊन चालावे. जपानी संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले की पाच मिनिटे कडेवर घेऊन चालल्याने पुष्कळ रडती मुले निजतात, आणि खाली ठेवण्यापूर्वी आणखी पाच-आठ मिनिटे मांडीवर असू दिली तर सहसा जागी होत नाहीत. निजवताना मूल उताणे असावे, अंथरूण सपाट व घट्ट असावे, तोंडाजवळ उशी-दुपटी नसावीत. ताप, धाप किंवा दूध तोडणे दिसले, तर मात्र डॉक्टरांना गाठावे.

आम्हाला वाटते, ह्या इतिहासात मुलाला गप्प करण्याची घाई नेहमी मोठ्यांनाच होती. मुलाला हवा होता तो जवळ बसणाऱ्या माणसाचा थोडा वेळ. आणि तो वेळ आईला मिळवून देणे हे केवळ घराचे नव्हे, समाजाचेही काम आहे.