पाणचक्की, औरंगाबाद

औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथे खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात असलेली अठराव्या शतकातील पाण्यावर चालणारी पिठाची चक्की. बाबा शाह मुसाफिर हे बुखारा प्रदेशातून दक्षिणेत आलेले नक्शबंदी परंपरेतील सूफी संत होत. त्यांचे गुरू शाह पलंगपोश हेही येथेच दफन झाले आहेत. दोघांचा मोठा शिष्यवर्ग मोगल फौजेतील तुराणी सैनिकांत होता. फकीर, यात्रेकरू व निराश्रित यांच्या रोजच्या अन्नासाठी या तकियात पीठ मोठ्या प्रमाणात लागे. त्या गरजेतून ही चक्की उभी राहिली.

चक्कीच्या काळाविषयी गोंधळ आढळतो. १६९५ हे साल अनेक ठिकाणी दिले जाते आणि चक्कीचे श्रेय खुद्द बाबांना दिले जाते. ते साल तकियाच्या आरंभीच्या बांधकामास लागू पडेल. मात्र नळमार्ग व चक्की ही निजामुल्मुल्क आसफजाह याच्या पदरचा सरदार तुर्कताजखान याने १७४४ च्या सुमारास करविली, हे अधिक ग्राह्य वाटते; कारण त्यापूर्वी सु. तीस वर्षे बाबांचे निधन झाले होते. मशिदीपुढील लांबट हौद व कारंजी जमील बेगखान याने सु. वीस वर्षांनंतर बांधली. सु. ५० मी. लांब व ९.५ मी. रुंद अशा या हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत असल्यामुळे ते दालन उन्हाळ्यातही थंड राहते.

चक्कीचे खरे वैशिष्ट्य तिच्या जात्यात नसून ते फिरविणाऱ्या पाण्याच्या वाटेत आहे. शहराच्या उत्तरेस जटवाड्याजवळ नदीकाठी एक विहीर आहे. हर्सूल नदीचे पाणी झिरपून तीत येते. ते अडविण्यासाठी पात्रात सु. ५८ मी. लांब व अडीच-तीन मी. उंच पक्का बांध घातलेला आहे. विहिरीतून निघालेले पाणी चुनेगच्चीत बसविलेल्या मातीच्या नळांतून जमिनीखालून वाहते. वाटेत जागोजागी उंच स्तंभ असून त्यांच्या माथ्यावर लहान टाक्या आहेत. पाणी स्तंभात चढते, टाकीत उघड्या हवेत येते व पुन्हा खाली उतरते. त्यामुळे नळात कोंडलेली हवा निघून जाते आणि दाब इतका वाढत नाही की मातीचे नळ फुटावेत. आवारातील शेवटच्या उंच भिंतीवरून पाणी चक्कीच्या चौरस हौदात पडते आणि त्याच्या जोराने जात्याचा दगड फिरतो. माणूस वा जनावर लागत नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी (पुढील औरंगाबाद) शहरासाठी केलेल्या नहरीमुळे भूमिगत पाणीपुरवठ्याचे ज्ञान येथे रुजलेलेच होते.

याच सुमारास, १७४० च्या आसपास, नेदर्लंड्समध्ये किंडरडाइक येथे सखल जमिनीतील पाणी उपसण्यासाठी पवनचक्क्यांची रांग उभी राहिली. तेथील १९ पवनचक्क्या १९९७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात समाविष्ट झाल्या. तेथे पाणी उपसायला वारा, येथे धान्य दळायला पाणी; परंतु जतनाचा प्रश्न एकच आहे. वाफ व विजेमुळे डच चक्क्या झपाट्याने नाहीशा होऊ लागल्या, तेव्हा १९२३ मध्ये त्यांच्या रक्षणासाठी ‘द होलांड्से मोलेन’ ही संस्था स्थापन झाली. पाती व दातेरी चाके दुरुस्त करून भागत नाही, चक्की फिरती राहिली तरच तिचे लाकूड टिकते, हे अनुभवाने कळल्यावर १९७२ पासून हौशी चक्कीवाल्यांचा संघ प्रशिक्षण देऊ लागला. शिवाय चक्कीभोवती उंच इमारती व झाडे वाढून वारा अडू नये म्हणून परिसरावर निर्बंध घालण्याची पद्धत तेथे आहे.

पाणचक्कीच्या बाबतीत वाऱ्याच्या जागी नळमार्ग आहे. दर्ग्याचा परिसर ही वक्फ संपत्ती असून तेथे पर्यटक सतत येतात. चक्की आता दळणासाठी नव्हे, तर केवळ दाखविण्यासाठी आहे. याउलट कित्येक कि. मी. लांबीचा नळमार्ग शेते, रस्ते व वाढत्या वस्त्यांखालून येतो आणि डोळ्यांना दिसत नाही. झाडांची मुळे नळांच्या सांध्यांत शिरतात, पायाच्या खोदकामात मातीचे नळ फुटतात आणि एका ठिकाणी फुटलेला नळ पुढची सारी वाट कोरडी पाडतो. आवारातील भिंत, हौद व जाते कितीही नीट राखले, तरी जटवाड्याचा बांध, विहीर आणि मधले स्तंभ यांची नोंद व निगा त्याच योजनेत नसेल, तर जाते थांबते. चुन्याच्या जागी सिमेंट व मातीच्या नळाऐवजी लोखंडी नळ घालणे सोपे असते. पण अशा दुरुस्तीने पाणी आले, तरी मूळ रचना लोपते.