चुकीने दिलेल्या द्रव्याचा इतिहास

सरकारी तिजोरीतून चुकून जास्त गेलेले द्रव्य परत मागावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबनिसाच्या कचेरीतला वाटतो. परंतु ते द्रव्य ज्याच्या हाती पडते त्याच्या दारी जाऊन पाहिले म्हणजे तो न्यायाचा प्रश्न आहे हे ध्यानात येते. मुंबईच्या एम-पूर्व विभागातील गोवंडीचेच उदाहरण घ्या. २००९ सालच्या मुंबईच्या मानव विकास अहवालात हा विभाग सर्व विभागांच्या तळाशी होता. तेथील शिवाजीनगर किंवा बैंगनवाडीतील एखाद्या घरी महिन्याला दीड हजार रुपये आले, तर ते साठून राहत नाहीत. शिधा, औषध व घरभाडे यांत विरून जातात. पुढे सहा महिन्यांनी ‘ते आमच्या चुकीने आले होते’ असे सरकारने म्हटले, तर त्या घराने परत काय करावे?

आपल्याकडील कायद्याने या प्रश्नाचे पहिले उत्तर मोठ्या सरळपणाने दिले. १८७२ च्या करारविषयक कायद्याचे ७२ वे कलम असे की, ज्यास चुकीने पैसा दिला गेला त्याने तो परत केला पाहिजे. दोन व्यापाऱ्यांमध्ये हा नियम शोभतो. कारण दोघांच्याही घरी वह्या असतात आणि चूक दोघांनाही ताडून पाहता येते. सरकार गरिबास दरमहा रोख रक्कम देईल, ही कल्पना त्या काळच्या राज्यकारभारात नव्हती. दुष्काळात खडी फोडावयास लावून मजुरी द्यावयाची, हाच मदतीचा मुख्य मार्ग होता.

पुढे सरकारी चाकरी वाढली, तसा चुकीच्या देण्याचा प्रश्न प्रथम पगार व निवृत्तिवेतन यांत उपस्थित झाला. काही औषधनिर्मात्यांना १९७३ पासून चुकीने वरची वेतनश्रेणी मिळत होती व १९८४ साली ती कमी करण्यात आली. १९९४ साली श्यामबाबू वर्मा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, चाकरांचा काही दोष नसता दिलेले जास्त वेतन परत घेणे न्याय्य नव्हे. १८ डिसेंबर २०१४ रोजी रफीक मसीह यांच्या प्रकरणात हेच तत्त्व अधिक नेमके झाले. खालच्या दोन वर्गांतील चाकर, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, आणि पाच वर्षांहून अधिक काळ जास्त रक्कम घेत आलेले, यांजकडून वसुली करू नये, असे ठरले. जास्तीची रक्कम ठेवून घेणे हा चाकराचा हक्क आहे, असे मात्र न्यायालय म्हणत नाही. परत मागण्याने होणारा जाच हा सरकारच्या लाभाहून मोठा ठरतो, म्हणून ही सवलत. परंतु ती पगारदारांच्या प्रकरणांतून घडली आहे. भत्त्यावर जगणाऱ्यासाठी तितकी नेमकी मर्यादा आखली गेलेली नाही.

बेकारांच्या भत्त्याची कथा आपल्याकडे निराळी आहे. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने महाराष्ट्रात रोजगार हमी आली. तिचा १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम न दिल्यास दिवसाला किमान एक रुपया भत्ता द्यावा, असे त्यात होते. तथापि ही हमी ग्रामीण भागापुरती होती. गोवंडीच्या बेकारास तिचा उपयोग नव्हता. जेथे भत्ताच नाही तेथे तो जास्त कसा जाणार? म्हणून आपल्याकडे ही चूक दुसऱ्याच दाराने आली.

२८ जून २०२४ रोजी ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली आणि ऑगस्टमध्ये पहिले पैसे खात्यांत पडले; नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. इतक्या घाईत छाननी कशी व्हावी? फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे पाच लाख स्त्रिया अपात्र ठरल्याचे सरकारने सांगितले. त्यांतील सुमारे दोन लाख तीस हजार संजय गांधी निराधार योजनेच्या लाभार्थी होत्या. आता हे ध्यानात घ्यावे की, निराधार योजनेची यादी सरकारपाशीच होती. मोटारींची नोंदही सरकारच्याच परिवहन खात्यात होती. एका हाताने लिहिलेले दुसऱ्या हाताने वाचले नाही, एवढीच ती चूक. दिलेली रक्कम परत घेणार नाही, असे त्या वेळी महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी जाहीर केले, हे योग्यच झाले. पुढे चौदा हजारांहून अधिक पुरुषांनी लाभ घेतल्याचे उघड झाले, तेव्हा त्यांजकडून वसुलीची भाषा झाली. तीही गैर नव्हे. कारण चूक आणि लबाडी यांस एकच माप लावता येत नाही.

परदेशांत हे माप चुकले तेव्हा काय झाले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्याने २०१३ ते २०१५ या काळात बेकारी-भत्त्याची तपासणी यंत्रावर सोपविली आणि सुमारे चाळीस हजार लोकांस नाहक लबाड ठरविले. ऑस्ट्रेलियात वर्षाच्या कमाईची पंधरवड्यांवर सरासरी काढून गरिबांच्या माथी खोटी कर्जे मारण्यात आली. २०२३ साली चौकशी आयोगाने त्या कारभाराचा कठोर निषेध केला. दोन्हीकडे हिशेब चुकला सरकारचा, आणि आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्याचा भार पडला तो दुबळ्यावर.

सरकारी पैसा हा सर्वांचा, म्हणून गरजूंचाही आहे आणि तो वाया जाऊ नये, हे कोणीही मान्य करील. परंतु वही ज्याच्या हाती, चुकीचा पहिला भार त्याच्याच शिरी असावा. यापुढचे देणे थांबवावयाचे तर कारण सांगून व म्हणणे ऐकून थांबवावे. मागचे मात्र, लबाडी सिद्ध झाल्याखेरीज, मागू नये. पगारदारास न्यायालयाने जे दिले ते भत्त्यावर जगणाऱ्या बाईस कायद्यानेच द्यावयास हवे. मंत्र्याच्या उदारपणावर ते सोडले, तर एका वर्षीची माफी पुढल्या वर्षी मागणी होऊन गोवंडीच्या त्याच दारी येऊन उभी राहील.